लाईट आली की आपसूक

पिंपळवंडी
१७ ऑगस्ट २०२५

नाना,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज वाचून ठेवता, म्हणून पोस्टानं लिहितेय. सवड नसेल तर वाचू नका असं लिहिणार होते, पण ते मनापासून नाही. वाचा. प्रश्न कामाचा आहे.

आपलं मिलिंग मशीन मी पुरं करत आणलंय. तुम्ही वेल्डिंग केलेली चौकट इतके दिवस ताडपत्रीखाली होती. डायल लावून तपासली, कुठंही वाकलेली नाही. तिन्ही दिशांच्या मोटरी बसवल्या. कटर फिरवणारी मोठी मोटर, स्पिंडल, तीही बसवली. संगणकावर चित्र काढायचं आणि मशीननं ते कापून द्यायचं, हे दादांना अजून खरं वाटत नाही. पण मशीन त्यांनाच हवंय. कांदा पेरणी यंत्राच्या नायलॉनच्या चकत्यांना हातानं भोकं पाडली की कुठं एक बी पडतं, कुठं तीन. शिवाय उजव्या हाताची दोन बोटं नसताना त्यांना चकती दाबून धरता येत नाही. हे ते कबूल करत नाहीत. चकती निसटली की म्हणतात, नायलॉनच हलकं आलंय.

राहिलंय ते संगणक आणि मोटरी यांच्यामधलं कार्ड. संगणकाचा हुकूम मोटरींपर्यंत पोचवायचा आणि मशीन कुठं अडलं तर तो निरोप उलटा आणायचा, हे त्याचं काम. जुन्या संगणकाला प्रिंटर जोडायची जी जागा असायची तिथं लागणारं एक कार्ड मिळतं. साधं आणि स्वस्त आहे, पण त्यासाठी तसला जुना संगणक शेडच्या धुळीत जगवावा लागेल. यूएसबीचं कार्ड लॅपटॉपला जोडलं की झालं. माझ्याबरोबर अवसरीला शिकलेल्या मोहितकडे तसं एक पडून आहे आणि तो द्यायला तयार आहे. त्या कार्डाबद्दल तक्रार अशी ऐकते की स्पिंडल सुरू झाली की तिच्या वायरींच्या गडबडीनं यूएसबी मध्येच तुटतं. तिसरं नेटवर्कच्या केबलवर चालणारं. त्यात, मशीन अडलं की निरोप देणाऱ्या स्विचच्या तारांना पाचऐवजी चोवीस व्होल्ट असतात, त्यामुळे लांब तारेत खोटा निरोप शिरत नाही. ते महाग आहे.

माझा ओढा यूएसबीकडे आहे, कारण ते हातात आहे. हे कारण मला स्वतःलाच पटत नाही, म्हणून विचारतेय.

आता दुसरं. ते टाळलं तर प्रश्न अर्धाच विचारल्यासारखा होईल. तुम्हाला माहीत असलेलंच लिहिते, कारण आमच्या घरात ते कोणी उच्चारत नाही, आणि मी त्या दिवशी परीक्षेला अवसरीला होते, म्हणजे माझं सगळं ऐकीव आहे. काही चुकत असेल तर सांगा. लाईट गेली होती. दादा ड्रिलमध्ये अडकलेला पत्रा हातानं काढत होते. तुम्ही मेन बोर्डाचे फ्यूज बघत होता, आणि ड्रिलचा स्टार्टर त्याच खांबाच्या पलीकडच्या बाजूला, हात पोचेल एवढ्यावर. लाईट आली, ड्रिल फिरलं आणि दादांची बोटं गेली. मेन तुम्हीच पाडला. नंतर सगळे म्हणाले, सावळानं स्टार्टरचं बटण दाबलं, नाहीतर ड्रिल चालू झालंच कसं. तुम्ही म्हणालात, मी हात लावला नाही. तुमचे सख्खे भाऊ असून दादा काहीच म्हणाले नाहीत. मग तुम्ही काकूंच्या माहेरी लोणीला गेलात ते आजतागायत.

लोणीचा सयाजी टेम्पोवाला परवा भेटला. म्हणाला, "नाना आता कुनाची मोटर भरून देत न्हाईत. सासऱ्याच्या मेंढ्या बघत्यात. म्हनत्यात, माज्या हाताचा मलाच भरवसा न्हाई ऱ्हायला." हे ऐकल्यापासून मला चैन नाही. मला अक्षरओळख व्हायच्या आधी जळलेल्या मोटरीच्या नव्या कॉइलचे वेढे मोजायला तुम्ही शिकवलं. मोजताना बोललं की पहिल्यापासून मोजायला लावायचात. त्या हाताचा भरवसा मला आहे, पण मी तिथं नव्हते, म्हणून माझ्या भरवशाला वजन नाही, हेही मला कळतं.

तर प्रश्न एवढाच. ज्या मशीनजवळ दादांचा धड उरलेला हात जाणार आहे, त्याला तुम्ही कोणतं कार्ड लावलं असतं?

तुमची
नंदा


६ सप्टेंबर

नाना,

काकूंचा आवाजी मेसेज मिळाला. त्या म्हणाल्या, पत्र पोचलं, यांनी वाचलं, पण काही बोलत नाहीत. मग मागून कोणीतरी खोकलं आणि म्हणालं, "आधी बल्ब लावून बघ म्हनावं तिला." काकूंनी तेच परत सांगितलं आणि मेसेज संपला. मी तो पुष्कळदा ऐकला.

बल्ब लावून बघितला. मोहितचं यूएसबीचं कार्ड आणलं, स्पिंडल काढून तिच्या तारांना साठचा बल्ब जोडला. प्रोग्रॅम चालू केला, बल्ब लागला, तिन्ही मोटरी नीट चालल्या. यूएसबी तुटलं नाही. तिथंच थांबले असते तर मी कार्ड पसंत केलं असतं. पण तुम्ही नुसता लावून बघायला सांगत नसता, हे मला माहीत आहे. म्हणून मेन पाडला. बल्ब विझला, मोटरी थांबल्या. लॅपटॉप मात्र चालूच, कारण त्याला बॅटरी. कार्डाला वीज लॅपटॉपकडूनच, म्हणून तेही जागं. पडद्यावर मशीन चाललेलंच होतं, आकडे पळत होते. मी मेन चढवला. बल्ब लगेच लागला, मोटरी अर्ध्यातून पळायला लागल्या. मी कशालाही हात लावला नव्हता.

लाईट गेलेली त्या कार्डाला कळलीच नाही. हुकूम दिला होता, तो त्यानं धरून ठेवला.

मी परत परत करून बघितलं. दर वेळी तेच. मागच्या पत्रात मी कार्डाची किंमत आणि तारेतली गडबड एवढंच लिहिलं होतं. विचारायचा प्रश्न हा होता आणि तो मला सुचला नव्हता.

दादा कधी येऊन मागं उभे राहिले कळलं नाही.

"लागला की," म्हणाले.

"आपोआप लागला, दादा. मी बटण दाबलं नाही."

"मंग चांगलंय की. ऑटोचा खर्च वाचला."

त्यांना हसावं की रागवावं मला कळेना. त्यांचं अगदीच चुकतंय असंही म्हणवत नाही. विहिरीवरच्या मोटरीला ऑटो बसवतात तो लाईट आली की पाणी आपसूक सुरू व्हावं म्हणूनच. शेतीची लाईट येते अवेळी, आणि बिबट्या फिरतो त्या उसातून बटण दाबायला कोण जाणार. जन्मभर ते बघितलेल्या माणसाला आपसूक चालू होणारं मशीन म्हणजे गुणी मशीनच वाटणार.

मी म्हटलं, "विहिरीपाशी कोणी नसतं. याच्यापाशी माणूस असणार."

"मानसानं हात बाजूला ठिवावा."

"लाईट कधी येणार हे माणसाला माहीत असतं का?"

"एवढं शिकून भ्यायलाच शिकलीस व्हय?"

त्यानंतर दादा अजून एक वाक्य बोलले आणि ते अर्धं टाकून शेडबाहेर गेले. ते वाक्य मी आत्ता लिहीत नाही. मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का, आणि त्याचा अर्थ मला वाटतो तोच आहे का, हे आधी बघते. तुमच्यापासून लपवायचं म्हणून नाही. चुकीचं लिहायला नको म्हणून.

यूएसबीचं कार्ड परत करतेय. मोहित म्हणाला, "त्याच्यावर माझं मशीन वर्षभर चाललं की." त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. आपल्याकडे लाईट आहे तशी आहे.

नंदा


१४ सप्टेंबर

नाना,

हे पत्र बसून वाचा.

दादांचं अर्धं वाक्य असं होतं: "ड्रिलच्या स्टार्टरला रबर बांधून आमी दोन सीझन काम केलं, कदी काय..." तिथं ते थांबले. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "च्या झाला का बघ." आणि गेले.

तुम्हाला पुढचं कळलं असेल. तरी मी पुरं लिहिते, कारण अर्धं लिहिलेलं कोणाच्या उपयोगाचं नाही. लाईट गेली की स्टार्टर सुटतो आणि हिरवं बटण परत दाबल्याशिवाय लागत नाही. म्हणूनच सगळे म्हणाले की कोणीतरी दाबलं, आणि जवळ तुम्ही होता. पण हिरवं बटण रबरानं दाबून बांधलेलं असेल तर कोणी दाबायची गरज नाही. लाईट आली की ड्रिल आपसूक फिरणार.

मी आधी आईला विचारलं. ती भाकरी करत होती. "आई, त्या दिवशी स्टार्टरवर काही बांधलेलं होतं का?"

"व्हती की, सायकलच्या ट्यूबची पट्टी. दुसऱ्या दिशी शेड धुताना मीच तोडून टाकली. रगत उडालं व्हतं तिच्यावर. का गं?"

तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आम्हा सगळ्यांना सांगितलं गेलं ते तिलाही सांगितलं होतं. मी समजावलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. दुसरी थापली. मग म्हणाली, "आन मी तवापास्नं भावजींशी बोलले न्हाई. त्यांच्या पोरीच्या बारशालाबी गेले न्हाई."

नंतर दादा. गोठ्यात होते. मी सरळ विचारलं, रबर तुम्हीच बांधलं होतं ना. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत.

"सारखी लाईट जायाची. दर खेपेला उठून बटन कोण दाबनार."

"नानांना माहीत होतं?"

"छ्या. त्यो असल्या कामाला शिव्या घालायचा. त्याच्या माघारी बांधायचो, त्यो यायच्या आत सोडायचो. त्या दिशी सोडायचं ऱ्हायलं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मग म्हणाले, "दवाखान्यात डोळं उघाडलं तवा समद्यांचं ठरलं व्हतं, सावळानंच दाबलं. मी नुसता गप बसलो. एकदा गप बसल्यावर मंग बोलायला जमना."

मी सांगितलं की हे मी नानांना लिहिणार.

"बापाची अब्रू घालव," म्हणाले.

"नानांची गेली तिचं काय?"

त्यावर ते उठून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना आईला सांगतात, तिला मीठ दे म्हणावं.

नाना, हे सांगायचा पहिला हक्क दादांचा होता. तो मी हिसकावून घेतला की काय, याचा विचार करत मी हे पत्र दोनदा फाडलं. पण तुम्ही बटण दाबलं नव्हतं ही गोष्ट आता मला माहीत आहे आणि तुम्हाला तिची खात्री उरलेली नाही, अशी स्थिती मला ठेवता येत नाही. मी तुमच्याकडं माफी मागत नाही, कारण ती माझ्या वाटची नाही. घरी या असंही म्हणत नाही. तेही म्हणायला दुसरं माणूस आहे.

कार्ड ठरलं. नेटवर्कचंच घेतेय. वेग, किंमत, भोकाची अचूकता हे सगळं आता मागं पडलंय. विक्रेत्याला मी एकच विचारलं, लाईट जाऊन परत आल्यावर तुमचं कार्ड काय करतं? तो म्हणाला, काहीच करत नाही, सगळं सोडून बसतं, पुन्हा परवानगी द्यावी लागते. त्याच्या आवाजावरून वाटलं की ही तक्रार त्यानं आधीही ऐकलीय.

नंदा


५ ऑक्टोबर

नाना,

काकूंचा फोन आला होता. मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. तुम्ही पत्र वाचलंत, मेंढ्या घेऊन गेलात आणि संध्याकाळी आल्यावर एवढंच म्हणालात, "मला वाटायला लागलं व्हतं का मीच दाबलं असंल." काकू रडत होत्या. मी त्यांना बाळाचं विचारलं.

कामाचं लिहिते. कार्ड बसवलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी बल्ब लावून सगळं तपासलं, मग स्पिंडल जोडली. चोवीस व्होल्टच्या सप्लायवर एक तार अशी नेलीय की लाईट गेली की कार्डाला लगेच कळतं आणि ते प्रोग्रॅमही थांबवतं. संगणक कार्डाला सारखा सांगत राहतो की मी जागा आहे. ते सांगणं थांबलं की कार्ड सगळे हुकूम सोडून देतं. तरी एकट्या कार्डावर विसंबले नाही. स्पिंडलच्या वाटेत वेगळा कॉन्टॅक्टर आहे. तो लाईट गेली की सुटतो आणि हातानं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. बटणाची पेटी मी अशी घेतली की हिरवं बटण आत बुडालेलं आहे, वरून काही बांधता येत नाही. हे दादांना उद्देशून केलंय का, तर हो.

खंडेनवमीला दादांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. ड्रिलपाशी थांबले आणि आईला म्हणाले, तू लाव. मिलिंगलाही आईनंच हार घातला. आमचं बोलणं तेव्हाही बंदच होतं.

काल पहिली खरी चकती लावली. दादा बोलले नाहीत तरी बघायला आले आणि डावा हात मशीनच्या कडेवर ठेवून उभे राहिले. मी हात काढा म्हटलं, त्यांनी काढला. निम्मी भोकं झाली आणि लाईट गेली. सगळं जागच्या जागी थांबलं. दादांनी सवयीनं पुढं होऊन कटरखालचा कचरा बोटानं काढायला सुरुवात केली. मी काही बोलायच्या आत लाईट आली. वरची ट्यूब लागली, पंखा फिरला, शेजारच्या हनुमंत मामांच्या विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मशीन तसंच उभं. दादांचा हात कटरखालीच होता.

त्यांनी तो हळूच बाहेर काढला.

"बिघाडलं का?" इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं.

"नाही. वाट बघतंय."

"कुनाची?"

"बटण दाबणाऱ्याची. आधी बघायचं, आत कोणाचा हात नाही ना. मग दाबायचं."

"मंग दाब."

"तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं नाही. बाजूच्या बियाण्याच्या पोत्यावर बसले आणि हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सावळानं मला सांगितलं व्हतं. कुनाच्या तरी शेडात बघितलं व्हतं त्यानं तसलं रबर. म्हनला, दादा, तू कदी बांधू नको. मी म्हनलं, बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या लोनीला जातो."

"मी येऊ?"

"नगं. तू असलीस तर तूच बोलशील समदं."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "माजंबी सांगा भावजींना."

"तुजं तू सांग. मला माजंच जड व्हनार हाय."

चकती नंतर मी एकटीनं पुरी केली. कांदाचाळीत ठेवलेलं बी घेऊन फिरवून बघितली. प्रत्येक भोकात एकेकच बी पडलं.

सयाजी पहाटे मंचरला माल टाकून लगेच लोणीला परततो. हे पत्र त्याच्या हाती देतेय, म्हणजे दादांच्या आधी पोचेल. दादा आज दुपारच्या एसटीनं येतील. डबा नेणार नाहीत, तेव्हा काकूंना सांगा. दादा आधी पावसाचं विचारतील, मग कांद्याच्या रोपांचं, मग मेंढ्यांचं. विचारू द्या. बाळाला उचलून घेतील, घेऊ द्या, डाव्या हातानं नीट धरतात. तुम्हाला काही माहीत आहे असं दाखवू नका. नाही, हे मी चुकीचं सांगितलं. मी लिहिलंय हे त्यांना माहीत आहे, खोटं वागायची कोणालाच गरज नाही. फक्त एक करा. ते बोलायला लागले आणि मध्ये अडकले की तुम्ही "जाऊ दे, दादा" म्हणाल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणणारच. या वेळी म्हणू नका. कितीही वेळ लागला तरी त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या.

नंदा